पैलवानाचा सातबारा

अंडरटेकर रेसलमेनियात सलग किती वेळा जिंकला? २१. त्याला पहिल्यांदा कोणी हरवलं? ब्रॉक लेस्नरने. कधी? ६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लिन्स. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी उत्तर माझ्या आधीच दिलं असणार.

आता दुसरा प्रश्न. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबा जाधव कोणाकोणाकडून हरले?

शांतता. खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं हे माहीत असतं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, हे स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात ठळक अक्षरांत असतं. पण कांस्य म्हणजे तिसरा क्रमांक, म्हणजे कोणीतरी दोघं त्यांच्या पुढे होते, ते कोण, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

इथे नेहमीचं भाषण सुरू होतं. आजची पिढी बिघडली, मोबाइलने वाटोळं केलं, लाल माती विसरली, परदेशी नाटकाच्या मागे लागली. हे भाषण मला मान्य नाही. पिढीवर खापर फोडणं सोपं आहे, कारण पिढीचा कुठे पत्ता नसतो, तिला नोटीस पाठवता येत नाही. खरी गोष्ट अशी की अंडरटेकरची माहिती मुलांना पाठ आहे कारण ती कुणीतरी लिहून ठेवली. आपल्या पैलवानांची माहिती मुलांना पाठ नाही कारण ती लिहिलेलीच नाही. जे लिहिलंच नाही ते विसरल्याचा आरोप कुणावर करता येत नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईमधल्या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तरीही त्या ठरवलेल्या कुस्तीची तारीख, शहर, वेळ, शेवटचा डाव, पट्टा किती दिवस कोणाकडे राहिला, सगळं नोंदलेलं आहे. जॉन सीनाने एप्रिल २०२५मध्ये सतरावं जागतिक विजेतेपद घेतलं, तेव्हा रिक फ्लेअरचे अधिकृत सोळा खरे की त्याहून जास्त, यावर जगभरचे चाहते भांडत होते. भांडता आलं, कारण दोन्ही बाजूंकडे याद्या होत्या. आणि आमच्याकडे? जिथे हाड मोडतं ते खरं, रक्त येतं ते खरं, घाम खरा, निकाल खरा, तिथे नोंद नाही. नाटकवाल्यांनी वही ठेवली आणि खरं लढणाऱ्यांनी ठेवली नाही, याची लाज कुणाला वाटायला हवी? बघणाऱ्या पोराला तर नक्कीच नाही.

माझ्या वयाच्या लोकांनी लहानपणी पैलवानांचे पत्ते खेळलेत. उंची, वजन, छाती, दंड, किती लढती लढला, किती जिंकला. त्या पत्त्यांवरचे आकडे कितपत खरे होते देव जाणे, पण त्यातून एक गोष्ट आम्ही शिकलो: पैलवान म्हणजे फक्त मिशी आणि मांडी नाही, त्याची एक कारकीर्द असते आणि ती मोजता येते. मारुती मानेंचा असा पत्ता कुणी का काढला नाही? १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य, १९६४मध्ये हिंद केसरी. दंडाच्या आकड्याशिवायही हा पत्ता निम्मा डाव मारून गेला असता.

आता खाशाबांकडे वळू. दरवर्षी १५ जानेवारीला, म्हणजे त्यांच्या जन्मदिवशी, एक संदेश सगळ्या ग्रुपवर फिरतो. गोळेश्वरचा पोरगा, गरिबी, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून दिलेले पैसे, पदक, कऱ्हाडला बैलगाड्यांची मिरवणूक, मग पोलीस खात्यातली नोकरी, १९८४मधला अपघाती मृत्यू, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: देशाने त्यांना विसरलं. बैलगाड्या कुठे शंभर असतात, कुठे १५१. खाली हात जोडलेले.

या संदेशातली भावना खोटी नाही, पण ती आळशी आहे. त्यात पैलवान आहे आणि कुस्ती नाही. खाशाबा १९४८मध्ये लंडनलाही गेले होते, फ्लायवेट गटात. पहिल्यांदाच मॅटवर आणि आंतरराष्ट्रीय नियमांत. तिथे त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं, इराणच्या मन्सूर रईसीकडून हरले आणि सहावे आले. चार वर्षांनी वरच्या वजनात, बँटमवेटमध्ये, हेलसिंकीला कॅनडाचा पोलिकँ, मेक्सिकोचा बासुर्तो आणि जर्मनीचा श्मिट्झ यांना हरवलं. हरले ते जपानच्या शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव यांच्याकडून. इशीला सुवर्ण, मामदबेयोवला रौप्य.

बघा, पाच-सहा नावं घातली की काय होतं. सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येणारा, वजनगट बदलणारा, मातीतून मॅटवर शिकत गेलेला एक खेळाडू दिसायला लागतो. बिचारा खाशाबा जातो आणि हुशार खाशाबा येतो. आपण ज्याला चिल्लर माहिती म्हणतो, प्रश्नमंजूषेतली माहिती म्हणतो, ती हे काम करते. ती माणसाला दयेतून सोडवते.

आता एक प्रश्न. हेलसिंकीची ही नावं आपल्याला कशी माहीत? तिथल्या संयोजकांनी प्रत्येक फेरीचे निकाल कागदावर ठेवले म्हणून. त्याच खाशाबांनी कोल्हापूर, कऱ्हाड आणि आसपासच्या मैदानांत किती कुस्त्या मारल्या, किती बरोबरीत सुटल्या, कोणी त्यांना पाडलं, याची पूर्ण यादी मला कुणी दाखवावी. आमच्या माणसाची दोन ऑलिम्पिक परदेशी कागदांमुळे जिवंत आहेत, आणि उरलेली सगळी कारकीर्द आमच्या ताब्यात होती म्हणून गेली. हे वाक्य कडू वाटतं ना? वाटू दे.

हेलसिंकीचीच अजून एक गोष्ट सांगितली जाते. इशीशी दीर्घ लढत झाल्यावर खाशाबांना लगेच मामदबेयोवविरुद्ध उतरवलं. दोन लढतींत अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने हवी होती, पण नियम पुढे करायला तिथे एकही भारतीय अधिकारी नव्हता. ही गोष्ट आपण दुर्दैव म्हणून सांगतो. मला ती व्यवस्थेची गोष्ट वाटते. पैलवानाचं काम लढणं. घड्याळ बघणं, नियम वाचणं, कागद पुढे सरकवणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, आणि तो दुसरा कुणीतरी आपल्याकडे कायम गैरहजर असतो. १९५२मध्ये तो हेलसिंकीच्या मॅटशेजारी नव्हता. आज तो आपल्या गावच्या आखाड्याशेजारी नाही.

हे सगळं मी मुळशी तालुक्यात बसून लिहितोय, आणि त्याला कारण आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक मामासाहेब मोहोळ याच तालुक्यातल्या मुठ्याचे. महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याच्या खांद्यावर जी चांदीची गदा असते, ती त्यांच्या नावाने दिली जाते. आणि २ फेब्रुवारी २०२५ला अहिल्यानगरला ती गदा उचलली पृथ्वीराज मोहोळने, तोही मुठ्याचाच. ज्या गावाने गदा दिली त्या गावात गदा आली. यापेक्षा चांगला योगायोग लेखकाला रचूनही मिळणार नाही.

याच तालुक्यात हिंजवडी आहे, माण आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. इथल्या काचेच्या इमारतींत बसून आम्ही अमेरिकेतल्या दुकानात कोणत्या गिऱ्हाइकाने किती वाजता कोणता साबण टोपलीत टाकून परत काढून ठेवला, याची नोंद ठेवतो. मिलिसेकंदापर्यंत. नोंद हरवली तर रात्री दोन वाजता फोन येतो. आणि त्या इमारतींपासून गाडीने तासाभरावर, चैत्राच्या जत्रेत, दोन पोरं वीस मिनिटं एकमेकांच्या मानेला घासतात, शेवटी एकजण पोकळ घिस्सा मारून दुसऱ्याला अस्मान दाखवतो, हलगी कडाडते, आणि दुसऱ्या दिवशी त्या कुस्तीचा जगात कुठेही पुरावा नसतो.

कुणी म्हणेल, खेड्यातल्या लोकांना नोंदीचं काय कळतं. मुळशीत हे म्हणून दाखवा. इथल्या माणसाला सातबारा तोंडपाठ असतो. गट नंबर, हिस्सा, फेरफार, इतर हक्कात कोणाचं नाव चढलंय, एका गुंठ्याची चूक पुढच्या पिढीला कोर्टात कशी नेते, हे इथे दहावी नापास माणूस वकिलापेक्षा चांगलं सांगतो. जत्रेचंच घ्या. वर्गणी कोणी किती दिली हे कमिटीच्या वहीत पैशापर्यंत असतं, कमी दिली त्याचं नाव तर ठळक असतं. फक्त आखाड्यात कोण कोणाला भिडलं आणि कोण जिंकलं, एवढंच नसतं. म्हणजे नोंद ठेवता येत नाही असं नाही. आपण जमीन मोजतो, पैसा मोजतो, आणि पैलवान नुसता पोसतो.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? कुस्ती झाली, शिट्ट्या झाल्या, फेटा बांधला, इनाम मिळालं. कागदाने काय फरक पडतो?

फरक पडतो. जानेवारी २०२३ची कोथरूडची महाराष्ट्र केसरी आठवा. सिकंदर शेख विरुद्ध महेंद्र गायकवाड, उपांत्य लढत, आणि बाहेरच्या टांगेला दिलेले चार गुण. पुढचे काही दिवस अख्खा महाराष्ट्र पंच झाला होता. एकच क्लिप लाखो लोकांनी हळू करून, उलटी करून पाहिली. पण गुणपत्रिका कुठे होती? कोणत्या सेकंदाला, कोणत्या कलमाखाली, किती गुण, पंचांपैकी कोणाचं मत काय, हे प्रेक्षकांसमोर त्याच संध्याकाळी ठेवलं असतं तर वाद तासाभरात नियमांवर आला असता. ते झालं नाही, म्हणून वाद माणसांवर गेला आणि पंचांना धमकावण्यापर्यंत पोचला.

२०२५मध्ये पुन्हा तेच. उपांत्य लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चीतपट दिलं. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले बघा. त्यातून पंचांशी तो प्रकार घडला. अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड शेवटची काही सेकंदं उरली असताना मॅट सोडून गेला. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. पंचावर हात-पाय उचलणं चूकच, त्याला माफी नाही. पण पैलवानाच्या आयुष्यातली तीन वर्षं म्हणजे काय, याचा विचार करा. त्याच्या चांगल्या ताकदीची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. आणि या सगळ्यात सगळ्यात मोठा अन्याय जिंकलेल्या पोरावर झाला. पृथ्वीराजने गदा उचलली, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो गोंधळ. स्वच्छ, उघडी, कुणालाही तपासता येईल अशी नोंद ही हरलेल्याच्या सोयीसाठी असते असं वाटतं. खरं तर तिची सगळ्यात जास्त गरज जिंकलेल्याला असते.

त्यात आणखी एक गंमत, म्हणजे रडायची गंमत. नोव्हेंबर २०२३मध्ये महाराष्ट्र केसरी दोन झाले. फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेख जिंकला, धाराशिवच्या स्पर्धेत शिवराज राक्षे. दोन गट, दोन आखाडे, दोन गदा. २०२५मध्येही अहिल्यानगरनंतर कर्जतला वेगळी स्पर्धा झाली, तिथे वेताळ शेळके जिंकला. आता सांगा, २०२३चा महाराष्ट्र केसरी कोण? जानेवारीचा शिवराज धरून त्या एका वर्षात तीन गदा दिल्या गेल्या. हर्षवर्धन सदगीरने जानेवारी २०२०मध्ये बालेवाडीला जिंकलेला किताब कोणी २०१९चा म्हणतं, कोणी २०२०चा. माझ्या धंद्यात एका ओळीला दोन वेगळ्या तारखा आणि एका किताबाला दोन मालक निघाले तर पहिल्या दिवशी काम थांबतं. इथे १९६१मध्ये सुरू झालेल्या राज्याच्या सगळ्यात मानाच्या किताबाचं हे असं चाललंय आणि भाषणं चालूच आहेत.

हा फक्त चाहत्यांचा वाद नाही, पोटाचा प्रश्न आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. खाशाबा पोलिसांत गेले. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलिसांत गेले. २०१८चं राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९चं जागतिक कांस्य जिंकणारा राहुल आवारेही. हे शिखरावरचे. पायथ्याशी हजारो आहेत. त्यांना नोकरीसाठी लागतो तो कागद. आणि कागदाचं काय झालं ते आपण पाहिलंय: खेळाची बोगस प्रमाणपत्रं विकली गेली, ज्यांनी कधी मैदान पाहिलं नाही ते त्यावर नोकरीला लागले. निकाल उघड्यावर असते, एका क्लिकवर तपासता आले असते, तर हा धंदा उभाच राहिला नसता. एकीकडे न खेळलेल्याकडे प्रमाणपत्र, दुसरीकडे दोनशे कुस्त्या मारलेल्याकडे फुटलेले कान. फुटलेला कान कुठल्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही.

आता तीन आक्षेप, जे मला नेहमी ऐकवले जातात.

पहिला: कुस्ती ही साधना आहे, आकड्यांत मावत नाही. मान्य. गाणंही आकड्यांत मावत नाही, तरी कोणतं गाणं कोणत्या साली कोणी गायलं हे रसिक जीव टाकून जपतात. नोंद ठेवल्याने साधना कमी होत नाही. फक्त न केलेली साधना सांगता येत नाही.

दुसरा: वस्तादांच्या डोक्यात सगळं असतं. असतं, आणि ते अफाट असतं. पण डोक्यातली वही विजेत्यांशी इमानी असते. हरलेला तिच्यातून आधी गळतो, मग बरोबरीत सुटलेला, मग दुसऱ्या तालमीचा. आणि वस्ताद गेले की वही जळते. कारण त्या वहीची दुसरी प्रत नसते.

तिसरा: मुलींच्या कुस्तीचं काय, त्यांची तर परंपराच नवी. म्हणूनच तर! पहिली महिला महाराष्ट्र केसरी प्रतीक्षा बागडी, सांगली, मार्च २०२३. पुरुषांच्या किताबानंतर बासष्ट वर्षांनी. इथे अजून वही कोरी आहे. पुरुषांच्या बाबतीत जी साठ वर्षांची भोकं आहेत ती इथे पडू न देणं आपल्या हातात आहे. ही संधी घालवली तर मातीला दोष देऊ नका.

मग मागणी काय? स्मारक नको. आणखी एक पुरस्कार नको. सरकारने १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन केला, चांगलं झालं. त्या दिवशी हार घालण्याऐवजी एक काम करा: मागच्या वर्षभरात राज्यात झालेल्या प्रत्येक अधिकृत लढतीची गुणपत्रिका आणि चित्रण लोकांसाठी खुलं करा. कोणत्याही गटाची स्पर्धा असो, यादी एकच ठेवा, आणि वाद असेल तिथे वाद आहे असं स्पष्ट लिहा. हे बनवायला मोठी कंपनी लागत नाही. आमच्यातली चार पोरं शनिवार-रविवार बसली तर पायाभरणी होते. लागते ती माहिती, आणि ती द्यायची संघटनांची दानत.

आणि संघटना हलल्या नाहीत तर? तर तुमच्या खिशात जे आहे ते १९५२मध्ये खाशाबांच्या मदतीला कुणाकडेच नव्हतं. कॅमेरा, घड्याळ आणि नियमांचं पुस्तक, तिन्ही एकाच फोनमध्ये. गावच्या जत्रेला जाता, रील काढता, मांडीवर थाप मारतानाचा मंद गतीतला व्हिडिओ टाकता. टाका. पण त्याखाली आठ गोष्टी लिहा: तारीख, गाव, दोघांची पूर्ण नावं, तालमी, वजन, किती मिनिटं, कोणत्या डावावर, पंच कोण. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या ट्रंकेत जुनी कुस्त्यांची पत्रकं असतील, ज्यांवर जोड आणि इनाम छापलेलं असतं. त्यांचे फोटो काढा, पुसट शाई आहे तोवर. रेवड्यांवर लढणाऱ्या सात वर्षांच्या पोरापासून शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत प्रत्येकाची एक ओळ झाली पाहिजे.

आणि ती ओळ लिहिताना हरलेल्याचं नाव आधी लिहा. जिंकलेल्याचं नाव गाव लक्षात ठेवतं.